आजचं चिंतन : एकाच आडनावाच्या गीता

मागच्या आठवड्यात आपलं अठराव्या अध्यायाचं चिंतन संपलं. त्यानंतर दोन वाचकांनी कळवलेलं आज समोर ठेवतो. एका काकूंनी विचारलं, "आता पुढे कोणती गीता घेणार?" आणि दुसऱ्या एका काकांनी ठासून लिहिलं, "गीता एकच. बाकीच्या सगळ्या तिच्या नकला. नकलांवर वेळ घालवू नका."

खरं तर दोघांचा मुद्दा एकच आहे. नाव सारखं असलं की नक्की काय सारखं असतं?

गीता किती आहेत याची यादी शोधायला लांब जायला नको. लोकमान्यांच्या 'गीतारहस्या'त (मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं, १९१५ साली छापलेलं) पहिल्याच प्रकरणात ती दिलेली आहे. मी ते प्रकरण कॉलेजात असताना वाचलं होतं, पण यादीवरून नजर तशीच पुढे गेली होती. याद्या कोण वाचतो? या वेळी एकेक नाव घेऊन शोधत बसलो. महाभारताच्या एकट्या शांतिपर्वातच पिंगलागीता, शंपाकगीता, मंकिगीता, बोध्यगीता, हारीतगीता, वृत्रगीता, पराशरगीता, हंसगीता. वनपर्वात व्याधगीता. आश्वमेधिक पर्वात अनुगीता. भागवतात कपिलगीता, भिक्षुगीता आणि आपल्या नाथबाबांनी ज्यावर एवढं मोठं भागवत लिहिलं त्या एकादश स्कंधातली उद्धवगीता. मग पुराणांतल्या : पद्मपुराणातली शिवगीता, गणेशपुराणातली गणेशगीता, कूर्मपुराणातली ईश्वरगीता, देवीभागवतातली देवीगीता. शिवाय अष्टावक्रगीता, अवधूतगीता, पांडवगीता. फोल्डरमध्ये पीडीएफ जमत गेल्या आणि दोन आठवड्यांत आडनाव एक, गावं पंचवीस अशी गत झाली.

आडनाव हा शब्द मुद्दाम वापरला. आपल्याकडे एका ऑफिसात चार कुलकर्णी असतात. एक लातूरचे, एक बेळगावचे, एक कऱ्हाडचे, एकांचं अजून ठरायचंय. नातं काही नसतं. तरी नाव सारखं, कारण ते रक्तावरून पडलेलं नाही, कामावरून पडलेलं आहे. ज्याच्या घरात कुलकर्णाचं दप्तर तो कुलकर्णी. गीतांचं असंच काहीसं असेल का, अशी शंका मला आली.

काकांचा संशय मात्र मला समजतो, कारण संशय घेणं हा माझ्या धंद्याचाच भाग आहे. ओपन सोर्सच्या जगात एखाद्या लोकप्रिय लायब्ररीच्या नावाशी मिळतंजुळतं नाव ठेवून पॅकेज टाकणारे लोक असतात. नाव वाचून तुम्ही ते घ्यावं आणि आत भलतंच निघावं, हा हेतू. तेव्हा 'गीता' हे नाव लावलं म्हणजे आत गीताच असेल, असं धरून चालता येत नाही. टिळकांचाही सूर साधारण असाच आहे : यातल्या बऱ्याच गीता भगवद्गीतेनंतरच्या, तिच्या अनुकरणाने आणि आपापल्या संप्रदायाच्या अभिमानापोटी झालेल्या. इतिहास म्हणून ते बरोबर असावं. गणेशगीता उघडली तर पानोपानी आपण नुकतेच वाचलेले श्लोक भेटतात, थोडे शब्द इकडेतिकडे. कृष्णाच्या जागी गजानन, अर्जुनाच्या जागी वरेण्य राजा.

पण हा वरेण्य कोण ते बघा. गणेशपुराणाप्रमाणे गजानन याच राजाच्या घरी बाळ म्हणून आला. बाळाचं ते रूप बघून राजाने त्याला अरण्यात नेऊन टाकायला लावलं. पराशर ऋषींनी त्याला वाढवलं. पुढे त्या मुलाने सिंदूरासुराला मारलं आणि मग राजा त्याच्यासमोर आला, पश्चात्तापाने वाकलेला, आणि त्याने उपदेश मागितला. म्हणजे टाकून देणारा बाप टाकलेल्या मुलाला विचारतोय की मी कसं जगू. उत्तराचे श्लोक नव्वद टक्के तेच असतील, पण विचारणारा बदलला की उत्तर तेच राहतं का? आमच्याकडे फंक्शन तेच आणि इनपुट वेगळं असलं तर निकाल वेगळा येतो, यात कुणाला नवल वाटत नाही. कर्मफळ सोड हे युद्धाला घाबरलेल्या योद्ध्याला सांगणं निराळं आणि पोटच्या पोराला टाकून आलेल्या माणसाला सांगणं निराळं. दुसऱ्या ठिकाणी ते वाक्य मला जास्त जड वाटलं. त्या बापाला त्याने केलेल्याचं फळ सोडून द्यायची मुभा आहे का? मी त्या पानावर बराच वेळ अडलो होतो आणि अजून तिथून पूर्ण सुटलेलो नाही.

मग मी एक व्याख्या करून पाहिली. कुणीतरी मोडलेला माणूस, त्याचा प्रश्न, आणि जाणत्याचं उत्तर : हे जिथे आहे ती गीता. आमच्या भाषेत हा इंटरफेस झाला, ज्याला पाळायचा त्याने पाळावा. शिवगीतेत तो बसतो. सीतेच्या हरणानंतर खचलेला राम, अगस्त्यांचं मार्गदर्शन, आणि मग रामाचे प्रश्न आणि शंकराची उत्तरं. गंमत म्हणजे अध्यात्मरामायणातल्या रामगीतेत हाच राम उपदेश करतो आणि लक्ष्मण ऐकतो. एकाच व्यक्तीला दोन्ही पाटांवर बसवलेलं आहे. कपिलगीतेत आई विचारते, मुलगा सांगतो.

पण लगेच टेस्ट केस फुटतात. अवधूतगीतेत प्रश्न विचारणारा जवळजवळ दिसतच नाही, दत्तात्रेय आपले एकटेच त्या उंचीवरून बोलत राहतात. भिक्षुगीतेतला अवंतीचा तो कंजूष ब्राह्मण पैसा गेल्यावर संन्यासी होतो, लोक त्याच्यावर थुंकतात, आणि तो कुणालाही न विचारता स्वतःशीच बोलतो : माझ्या दुःखाला ही माणसं कारण नाहीत, देव नाही, ग्रह नाहीत, काळ नाही, माझं मनच आहे.

आणि मंकी! ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसेल म्हणून सांगतो. मंकी पैशाच्या मागे धावून धावून थकलेला. शेवटच्या पुंजीतून त्याने दोन तरणे गोऱ्हे घेतले आणि जुवाला जुंपून शिकवायला बाहेर काढले. वाटेत एक उंट बसला होता. गोऱ्हे उधळले आणि उंटाच्या दोन्ही बाजूंनी धावले. जू नेमकं उंटाच्या मानेवर. उंट चिडून उठला आणि पळत सुटला, आणि दोन्ही गोऱ्हे त्याच्या मानेच्या दोन बाजूंना दागिन्यासारखे लोंबकळत गेले ते गेलेच. मंकी उभा राहून बघतोय. आजचा माणूस सगळी बचत एका स्टार्टअपात घालून बसतो, त्यातलीच ही गत. तिथे त्याला कुणी कृष्ण भेटत नाही. तो आपल्याच इच्छेला समोर उभं करतो आणि तिच्याशी बोलतो : तुझं मूळ मला कळलं, तू संकल्पातून जन्मतेस, मी संकल्पच केला नाही तर तू कुठून येशील? भीष्म ही कथा युधिष्ठिराला सांगताना म्हणतात की विरक्त झालेल्या मंकीने हे गायलं. म्हणजे आधी 'गायलं' हे क्रियापद आहे. 'मंकिगीता' हे नाव त्याच्या मागून आलं असणार. बैल गेल्यावर कुणी ग्रंथाचं नाव ठरवत बसत नाही.

'गीता' या शब्दाचा अर्थच मुळी तो : गायिलेली. काय गायिलेली? तर उपनिषद. संस्कृतात उपनिषद हा शब्द स्त्रीलिंगी, म्हणून विशेषणही स्त्रीलिंगी. आपण मराठीत उपनिषद नपुंसकलिंगी करून टाकलं आणि गीतेला एकटीच बाई करून ठेवली. भगवद्गीतेच्या प्रत्येक अध्यायाच्या शेवटी जी समाप्तीची ओळ येते, तिच्यात तर हा शब्द चक्क अनेकवचनी आहे.

तर माझी व्याख्या टिकली नाही, पण ती तपासताना एक वेगळीच गोष्ट दिसली. तिच्यामुळेच आजचं चिंतन एवढं लांबलं आहे.

या नावाखाली कोण कोण बोलतं ते बघा. पिंगला ही विदेहनगरीतली वेश्या, गिऱ्हाइकाची मध्यरात्रीपर्यंत वाट बघून आशा सुटलेली. वृत्र असुर, राज्य हरलेला. शंपाक दारिद्र्याने गांजलेला. आणि व्याधगीतेत तर मांस विकणारा. कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण झाडाखाली वेद म्हणत असताना वरून बगळी त्याच्यावर विष्ठा टाकते. तो रागाने बघतो आणि ती मरून पडते. मग भिक्षेला जातो तर एक गृहिणी नवऱ्याचं जेवणखाण उरकेपर्यंत त्याला दारात थांबवते. तो चिडतो. ती शांतपणे म्हणते की मी बगळी नाही हो, महाराज. धर्म कळायचा असेल तर मिथिलेला जा, धर्मव्याधाला भेट. कौशिक जातो आणि बघतो तर काय, खाटकाचं दुकान, गिऱ्हाइकांची गर्दी, हरणाचं आणि रेड्याचं मांस तोलून देणारा माणूस. गर्दीच्या कडेला तो ब्राह्मण उभा. व्याधच उठून येतो, तुम्हांला कुणी पाठवलं ते मला ठाऊक आहे म्हणतो आणि घरी घेऊन जातो.

ऑफिसात आमच्याकडे कोड रिव्ह्यू असतो. नियम असा की कमेंट कुणाची आहे ते बघायचं नाही, बरोबर आहे की नाही ते बघायचं. प्रत्यक्षात काय होतं हे आयटीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे : वरिष्ठाची कमेंट आधी मान्य होते आणि नंतर समजून घेतली जाते, नव्या पोराची आधी तपासली जाते आणि नंतर विसरली जाते. सत्य कुणाच्या तोंडून आलं यावर त्याचा खरेपणा ठरत नाही, हे सगळ्यांना पटतं. पण आपण ऐकायला थांबतो की नाही, हे मात्र तोंड बघूनच ठरतं. कौशिक थांबला. त्या क्षणी व्याधाच्या बोलण्याची गीता झाली, असं मला वाटतं. पिंगलेचं बोलणं कुणीतरी ऐकण्याजोगं मानलं. मंकीचं स्वगत कुणीतरी लक्षात ठेवलं आणि शरशय्येवरच्या भीष्मांपर्यंत पोचवलं. नाव देण्याचं काम ऐकणाऱ्यांनी केलं आहे.

पण इथे मी कथेवर नाराज आहे आणि ते लपवत नाही. व्याध पुढे सांगतो की हा माझा कुळाचा धंदा म्हणून मी करतो. मी स्वतः प्राणी मारत नाही, मांस खात नाही. इथपर्यंत ठीक. कुळाचा म्हणून सोडायचा नाही, हे मला पटत नाही, आणि ज्यांना कुळाच्या नावाखाली शेकडो वर्षं एकाच कामाला बांधून ठेवलं त्यांना ते कसं पटेल? त्यानंतर आणखी एक खुलासा येतो : मागच्या जन्मी हा व्याध ब्राह्मणच होता, चुकून एका ऋषीला बाण लागला म्हणून शापाने या जन्मात आला. अरेरे! एवढं धाडस केल्यावर कथेला धीर धरवला नाही. खाटीक खाटीक म्हणूनच शहाणा असू शकतो, हे पचलं नाही म्हणून मागचा जन्म शोधावा लागला. मी हा भाग गाळून व्याधगीता वाचावी म्हणतो का? नाही. गाळला तर आपण कुठे अडखळलो होतो तेच पुसलं जाईल.

आणि व्याधाच्या सगळ्या तत्त्वज्ञानाचा शेवट कशात होतो? आपल्या म्हाताऱ्या आईवडिलांना दाखवून तो म्हणतो, हे माझे देव. आणि कौशिकाला सांगतो की तू वेद शिकायला निघालास तेव्हा आईवडिलांना विचारलंही नाहीस, ते दुःखाने आंधळे झालेत, घरी जा. बस. कौशिक घरी जातो.

हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण घरापासून लांब आहेत. कुणी ह्यूस्टनला, कुणी म्युनिकला. माझे आईवडील सांगलीला आणि मी बंगळुरूला. भगवद्गीता मला माझ्या कामाबद्दल खूप काही विचारते, पण सांगलीबद्दल कधी विचारत नाही. तिच्यात समोर आजोबा आणि गुरू आहेत ते बाण मारण्यासाठी. व्याधगीता मात्र थेट विचारते : शिकायला निघालास ते ठीक, निघताना मागे बघितलंस का? याचं उत्तर 'नोकरी सोडून परत जा' एवढं सोपं आहे असं मी मानत नाही. कौशिकाचा दोष निघून जाण्यात नव्हता, त्यांना मोजलंच नाही यात होता. पण हा भेद मी करतोय तो खरा आहे की माझ्या सोयीचा, हे माझे मीच ठरवू शकत नाही. तुमच्यातल्या ज्यांची मुलं लांब आहेत, त्यांनी कळवावं.

आता सर्वांत अवघड तोंड. पांडवगीता म्हणजे संवाद नव्हे. तिच्यात वेगवेगळ्या भक्तांच्या तोंडी एकेक दोन-दोन श्लोक आहेत, प्रल्हाद, नारद वगैरे. त्यांच्यात दुर्योधनही आहे. तो म्हणतो, धर्म मला कळतो पण तिकडे वळवत नाही, अधर्मही कळतो पण त्यातून निघवत नाही; हृदयात बसलेला कुणी देव जसं करवतो तसं मी करतो. भक्तांच्या रांगेत दुर्योधन कशाला, असं कुणालाही वाटेल. पण आपण तिसऱ्या अध्यायात काय वाचलं होतं आठवा. अर्जुनही कृष्णाला हेच विचारतो की इच्छा नसताना, कुणी ओढून न्यावं तसा, माणूस पाप का करतो? दोघांचा अनुभव तोच आहे. फक्त अर्जुनाच्या शेवटी प्रश्नचिन्ह आहे आणि दुर्योधनाच्या शेवटी पूर्णविराम. (संस्कृतात दोन्हीकडे दंडच, पण कळतंच ना.) अर्जुनाला उत्तर मिळालं : काम आणि क्रोध. दुर्योधनाने उत्तर मागितलंच नाही, देवावर टाकून मोकळा झाला. एवढ्याशा फरकावर केवढं युद्ध झालं! आणि तरीही परंपरेने त्याचं ते वाक्य फेकून दिलं नाही, याच आडनावाच्या घरात ठेवून घेतलं. मला हे फार मोठं वाटतं. ते वाक्य आपल्यातल्या बहुतेकांचं आहे.

काकांच्या आक्षेपाकडे परत येतो. गीता एकच, बाकी नकला. यावर मी वाद घालण्यापेक्षा अनुगीतेकडे बोट दाखवतो. (काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी १८८२ साली भगवद्गीतेचा इंग्रजी अनुवाद केला तेव्हा अनुगीता आणि सनत्सुजातीय त्याच खंडात घेतलं होतं, म्हणजे तिला बाजूची समजायचं कारण नाही.) युद्ध संपलंय, कृष्ण द्वारकेला निघायच्या बेतात आहे. अर्जुन म्हणतो, तेव्हा तू जे सांगितलंस ते मी विसरलो, पुन्हा सांग. विचार करा. ज्याला स्वतः कृष्णाने सांगितलं, ज्याने विश्वरूप पाहिलं, तो विसरला! कृष्ण नाराज होतो. म्हणतो, तेव्हा मी योगात राहून बोललो होतो, ते तसंच्या तसं आता मलाही सांगता येणार नाही.

पण तो तिथे थांबत नाही. त्याऐवजी एका सिद्धाने काश्यपाला सांगितलेलं ऐकवतो, मग एका ब्राह्मणाचं आणि त्याच्या बायकोचं बोलणं, मग गुरुशिष्याचं. म्हणजे भगवद्गीता हातातून गेल्यावर दुसऱ्यांच्या गीतांकडे वळणारा पहिला माणूस खुद्द कृष्णच आहे. अर्जुनाला त्याने 'मूळ आठव' म्हणून तसंच परत पाठवलं नाही. काका, याला नक्कल म्हणायचं की काय म्हणायचं, ते तुम्ही सांगा.

आपल्याकडे हे नाव पुढेही चालत राहिलं. विनोबांनी १९३२ साली 'गीताई' दिली, तिच्यात आडनावातच आई आली. तुकडोजी महाराजांनी ४१ अध्यायांची 'ग्रामगीता' लिहिली, आणि तिच्यात उपदेश कुणा वीराला नाही, गावाला आहे : रस्ते, सफाई, आरोग्य, श्रमदान. माझ्या आजोळी ती ज्ञानेश्वरीच्या शेजारीच ठेवलेली असे, आणि दोन्हींत अंतर आहे असं आजीला कधी वाटलं नाही.

तर काकूंच्या प्रश्नाचं उत्तर : उद्यापासून वनपर्वातली व्याधगीता. रोज एक तुकडा, साधारण तीन आठवडे. उद्या फक्त बगळीपर्यंत. त्यानंतर मंकी आणि पिंगला, आणि अनुगीता मार्गशीर्षात, गीताजयंतीच्या आसपास. ज्यांच्याकडे मराठी महाभारताचे खंड आहेत त्यांनी वनपर्वाचा खंड काढून ठेवावा. मार्कंडेय ऋषी युधिष्ठिराला गोष्टी सांगतात त्या भागात कौशिक सापडेल.

राम कृष्ण हरी.